मुमानीचा बोकड आणि मामूंचा रोजा

आमच्या मामूंच्या घरात 2025 च्या रमजानपर्यंत फ्रीज नव्हता. पैशांची अडचण होतीच, पण खरं कारण मामूंचा स्वभाव. "माठ हाय ना," एवढं बोलून ते विषय संपवायचे. पुण्यातला मुलगा दर उन्हाळ्यात विचारायचा आणि दर उन्हाळ्यात नवा माठ यायचा.

मामू 76 वर्षांचे, मुमानी सत्तरीला टेकलेल्या. गाव लोहारा तालुक्यातलं, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भुईसपाट झालेल्यांपैकी एक. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. किल्लारीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. इकडे सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांनीही तेवढंच भोगलं. आज मामू राहतात ते घर नंतर पुनर्वसनात मिळालेलं. दोन खोल्या, सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आणि मागं स्वतःच्या खर्चानं उभा केलेला पत्र्याचा स्वयंपाकाचा आडोसा.

या घरात एक नियम आहे. डोक्याच्या वर जड काही ठेवायचं नाही. माळा नाही, उंच फडताळ नाही. मुमानीची पितळी भांडी त्या पहाटे फळीवरून कोसळली, तेव्हापासून नवीन घेतलेलं प्रत्येक भांडं जमिनीवरच्या लाकडी पेटीत जातं. एखादी वस्तू घ्यायची म्हटलं की मुमानी किमतीआधी विचारतात, "ठेवनेका कहां?"

दोघांचा महिन्याचा हिशेब सोपा आहे. श्रावणबाळ योजनेचे प्रत्येकी 1,500 रुपये, म्हणजे दोघांचे मिळून तीन हजार. पीएम किसान आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे वर्षाला 12 हजार. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट. फक्त मुमानीचा अंगठा मशीनवर लवकर उठत नाही. विळा आणि चूल यांनी रेषा झिजवल्यात. अडीच एकर रान बटईनं दिलंय. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता, बाजारात मात्र चार हजारांच्या आसपास गेलं. त्याच सप्टेंबरात केंद्रानं खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं आणि तेलाची पिशवी महागली. मामू म्हणतात, "इकताना सोयाबीन स्वस्त, घेताना त्याचंच तेल महाग. मधी कोण हाय, त्येला विचारा."

म्हणून तळण या घरात मोजून होतं. इफ्तारला भजी फक्त जुम्म्याला. एरवी खजूर, भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीला कांदा-लिंबू आणि कलिंगडाची एखादी फोड. सहरला ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. मुमानीच्या मते गव्हाची चपाती दुपारपर्यंत साथ देते, ज्वारीची भाकरी असरपर्यंत. असर म्हणजे दुपारनंतरची नमाज. रोजेदाराला दिवसातला सगळ्यात जड वाटणारा वेळ.

मोठी खरेदी उमरग्याला. 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे आणि महिलांना अर्धं तिकीट. जानेवारी 2025 मध्ये भाडं वाढलं तरी दोघांचं मिळून अर्ध्या तिकिटातच भागतं. खजूर घेताना मामू चष्मा काढून खोक्यावरची तारीख वाचतात, छापील किंमत बघतात आणि एक खजूर दाबून बघतात. मोबाईलचंही तसंच. दोघांना इंटरनेट लागत नाही. ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचं आणि मेसेजचं रिचार्ज ठेवा, असा आदेश ट्रायनं डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना दिला. ते नातवानं सांगितल्यापासून मामू दुकानात तेच मागून घेतात.

कुरआनमध्ये खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, अशी ताकीद आहे. तिला इस्राफपासून दूर राहणं म्हणतात. मामूंनी यावर कधी प्रवचन दिलं नाही. वजू करताना ते तांब्याभर पाण्यात भागवतात, एवढंच.

अशा घरात त्या वर्षी फ्रीज आला. तो कसा आला, ते सांगण्यासारखं आहे.

मामूंना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. गोळ्यांवर चाललं होतं. त्या हिवाळ्यात गोळ्या पुरेनात, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. सुई टोचायला मुमानी शिकल्या. औषधाच्या शिल्लक बाटल्या कोनाड्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या जात. थंडीत ते खपून गेलं.

2 मार्च 2025 ला पहिला रोजा झाला. डॉक्टरांनी रोजा धरू नका म्हणून सांगितलं होतं, पण मामूंनी ते कुणाला कळूच दिलं नाही. वयाच्या दहाव्या वर्षापासून त्यांचा रोजा चुकलेला नव्हता. भूकंपानंतरच्या रमजानमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये राहत असतानाही त्यांनी सगळे रोजे धरले होते. सकाळचं इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं आणि रोजाही धरला.

तिसऱ्या रोजाला मी तिथंच होतो. असरच्या सुमाराला मामू दारातल्या बाजेवर बसले होते. बोलता बोलता त्यांचे हात थरथरायला लागले. सदरा घामानं भिजला. मी काही विचारलं, तर उत्तर भलतंच आलं. मुमानी आतून आल्या, एकदा बघितलं आणि मुठीत साखर घेऊनच परतल्या. मामूंनी ओठ मिटून घेतले. सूर्य मावळायला दोन-अडीच तास होते.

"रोजा टूटता," मामू पुटपुटले.

"तुम मरे तो रोजा कौन रखेगा?" मुमानींनी त्यांची हनुवटी धरली. "जान बचाना भी फर्ज है जी. खोलो मुंह."

मामूंनी तोंड उघडलं. साखर, मग पाणी, मग पुन्हा साखर. वीस मिनिटांनी ते भानावर आले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे, इन्सुलिनचा पूर्ण डोस आणि दिवसभर उपास यामुळं साखर एकदम खाली गेली होती. थोडा उशीर झाला असता तर शुद्ध गेली असती. दुसरी गोष्ट औषधाची. न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायच्या असतात. बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण तेही सावलीत आणि गारव्यात. पुढं एप्रिल-मे होता, पारा चाळिशीच्या वर जाणार होता. "कोनाड्यात ठेवलेल्या औषधाचा भरवसा धरू नका," डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री पुण्याला फोन लागला. मुलानं लगेच मोबाईलवर दोन दारांच्या मोठ्या फ्रीजचा फोटो पाठवला. हप्त्यावर घेऊ, शून्य टक्के व्याज, असं सांगितलं. मामूंनी मान हलवली. व्याज द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही, हा आमच्याकडचा दंडक. शून्य टक्के म्हणजे व्याज नाही, असं मुलगा समजावत होता. मी उमरग्याच्या दुकानात चौकशी केली तेव्हा हप्त्यावर घेणाऱ्याला फाइलचा खर्च वेगळा आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बंद, असं निघालं. म्हणजे शून्याच्या पोटात काहीतरी होतंच. रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं प्रत्यक्षात काही नसतं. मामूंनी हे परिपत्रक वाचलेलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, "फुकट पैसा कोण देतो बाबा?"

मग रोख आणायची कुठून? मुलाच्या पगारातून खोलीचं भाडं आणि दोन मुलांची शाळा जाते, हे दोघांना ठाऊक होतं.

मुमानीकडं दोन शेळ्या आणि एक बोकड होता. आपल्या जिल्ह्याच्या नावानं देशभर ओळखली जाणारी काळी उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं नाव मात्र तेच राहिलं. कमी चाऱ्यावर तगणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी ही जात कोरडवाहू घराची तिजोरीच असते. हा बोकड मुमानींनी बकरी ईदसाठी राखला होता. जूनमध्ये त्याला 12 हजार तरी आले असते. त्या पैशातून नातीसाठी कानातलं करायचं ठरलं होतं. आत्ता व्यापारी साडेनऊच्या वर जायला तयार नव्हता.

मामू म्हणाले, "तीन महिने थांब. मी माठात ठेवतो औषध."

मुमानींनी उत्तर दिलं नाही. सकाळी उठले तेव्हा दावं रिकामं होतं. साडेनऊ हजार आणि तांदळाच्या डब्यात साठवलेले साडेचार, असे 14 हजार त्यांनी मामूंच्या हातात दिले.

खरेदीला मीही गेलो. दुकानदार मोठा फ्रीज दाखवत होता, मुमानी सगळ्यात लहानाकडं बोट करत होत्या. एका दाराचा, सर्वांत लहान. मामूंनी चष्मा काढला आणि दारावरचं ताऱ्यांचं लेबल वाचलं. फ्रीज वर्षाला अंदाजे किती युनिट वीज खाईल, ते त्या लेबलवर लिहिलेलं असतं. किंमत बघताना आपण हा आकडा सहसा बघत नाही, आणि वीजबिल तर पुढची दहा वर्षं येत राहतं. त्यांनी पक्कं बिल मागितलं, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घेतला. मागं एकदा पंखा बंद पडला, तेव्हा कच्च्या चिठ्ठीमुळं त्यांना परत पाठवलं होतं. ते त्यांनी लक्षात ठेवलंय. दाद मागायची वेळ आलीच तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, पण हातात बिल पाहिजे.

टेम्पो घरी आला. "ठेवनेका कहां?" हा प्रश्न आता खरोखरच आला. झोपायच्या जागेपासून लांब, दाराच्या वाटेत येणार नाही असा कोपरा मुमानींनी आधीच सारवून ठेवला होता. फ्रीजवर काहीही ठेवायचं नाही, हा नियम त्याच दिवशी लागू झाला.

राहिला प्रश्न रोजाचा. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजाची सूट कुरआननंच दिली आहे. बरं झाल्यावर भरून काढायचा; ज्याला पुढंही जमणार नाही, त्यानं प्रत्येक रोजामागं एका गरजूला जेवू घालायचं. याला फिदिया म्हणतात. आमच्याकडं बहुतेक लोक फिदिया पैशात देतात. सुमारे दोन किलो गव्हाची किंमत धरली तर महिन्याचे दोन हजारांच्या आसपास होतात. मौलाना साहेबांनी मामूंना हेच सांगितलं. मामूंना मात्र पैसे देऊन मोकळं होणं पटेना.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते. वयानं मुमानींपेक्षा मोठी आणि अजून सगळे रोजे धरते. बहुतेक दिवशी सहरला चहा-पाव, इफ्तारला जे मिळेल ते. आता रोज पहाटे तीनला मामू उठतात. मुमानी भाकरी थापतात, मामू डबा घेऊन अंधारात जातात, दार वाजवतात, डबा देतात आणि परत येतात. संध्याकाळी अजानच्या आधी दुसरा डबा. स्वतःचं जेवण मात्र ते दुपारी आत बसून, दार लोटून करतात. तसं कुणी सांगितलेलं नाही. रोजेदारांच्या गावात उघड्यावर जेवायला त्यांना जड जातं.

एक दिवस मी विचारलं, "मामू, आता कसं वाटतंय?"

"साठ-पासष्ट वर्षं माझ्या भुकेचा रोजा धरला," ते म्हणाले. "औंदा दुसऱ्याच्या भुकेचा धरलाय. ह्यो जास्त अवघड हाय. झोप लागंना, डबा चुकल म्हणून."

ज्यांच्या घरात साखरेचे किंवा रक्तदाबाचे वडीलधारे आहेत, त्यांच्यासाठी एवढं लिहिलं. रोजा असो, एकादशी असो की नवरात्र, उपासाआधी डॉक्टरांना विचारा. औषधाची वेळ आणि मात्रा आपल्या मनानं बदलू नका आणि आहे तशी ठेवून उपासही धरू नका. म्हातारी माणसं सांगत नाहीत. आपणच विचारावं लागतं.

त्या वर्षी 30 मार्चला पाडवा होता आणि चंद्र दिसला तर दुसऱ्याच दिवशी ईद. उमरग्याच्या बाजारात साखरेच्या गाठी आणि शेवया शेजारी शेजारी लागल्या होत्या. दर वर्षी शिरखुर्म्याचं दूध आदल्या संध्याकाळी आणून मुमानी रात्रीतून दोनदा उकळायच्या, नासू नये म्हणून. त्या वर्षी उकळावं लागणार नव्हतं. शेजारच्या काकूंनीही श्रीखंडाचं पातेलं ठेवायला जागा मागितली होती. त्यांच्या घरचेही साखरेचे पेशंट आहेत; त्यांची औषधाची बाटली तर पहिल्याच आठवड्यात इथं आली.

मुमानींनी नातवाला जागा समजावून सांगितली. खालच्या कप्प्यात काकूंचं श्रीखंड, वरच्यात आपलं दूध, आणि मधल्या कप्प्यात फक्त औषध.

"और बर्फ?" नातवानं विचारलं.

"बर्फ ईद के बाद," मुमानी म्हणाल्या आणि रिकामं दावं गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायला गेल्या. थोरली शेळी गाभण होती.