अमरावतीत बसून अकोल्याच्या स्विचवर नजर: आरमॉन कसं लावायचं?

ऐकताना सेटिंगचे आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून हा भाग लिहूनही देतोय.

मी अमरावतीचा, नेटवर्कची कामं करतो. दिवाळीनंतर ऐन कापसाच्या सीझनमध्ये अकोल्याकडच्या एका जिनिंगमधून फोन आला, "भाऊ, काट्याचं वजन ऑफिसात येऊन नाही राह्यलं. गाड्यांची रांग लागली!" शंभरेक किलोमीटर गाडी हाणत पोचलो, तर सगळं सुरू! असं तीनदा झालं. माझं पेट्रोल गेलं ते जाऊ द्या, पण बिलासाठी शेतकरी रात्रभर गाडीपाशी बसून होते.

मग आरमॉन लावलं. आरमॉन म्हणजे रिमोट मॉनिटरिंग. 1991 पासूनचं जुनं मानक आहे, आणि बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये ते असतंच. पोर्ट मिररिंगमध्ये प्रत्येक पॅकेटची कॉपी पाठवावी लागते, दोन शहरांमधली लाइन त्यातच भरून जाईल. आरमॉनमध्ये मोजणी स्विच स्वतःच करतो, आपल्याकडे येतात फक्त आकडे.

1. एसएनएमपी सुरू करा. व्हर्जन 3 घ्या, युजर-पासवर्ड ठेवा, फक्त वाचायची परवानगी द्या. इंटरनेटवर उघडं सोडू नका, व्हीपीएनमधूनच जा.

2. हिस्ट्री लावा. इथंच मी चुकलो होतो. 30 सेकंदांचे 50 नमुने म्हणजे फक्त 25 मिनिटं! 1800 सेकंद ठेवा, 25 तासांचा हिशोब मिळतो. बहुतेक स्विचमध्ये लाइट गेली की हिस्ट्री पुसली जाते, म्हणून आकडे पीसीवर ओढून ठेवा.

3. इव्हेंट बनवा. 'लॉग' आणि 'ट्रॅप' दोन्ही निवडा. ट्रॅप म्हणजे स्विचनं आपणहून पाठवलेला निरोप, तो यूडीपी 162 वर येतो. पत्ता आपल्या पीसीचा द्या.

4. अलार्म लावा. मी काट्याच्या पोर्टवरच्या सीआरसी एररवर लावला, म्हणजे वाटेत खराब झालेल्या फ्रेमवर. दर 60 सेकंदांनी तपासणी, वरची मर्यादा 20, खालची 2. प्रकार 'डेल्टा'च घ्या. एररचा आकडा वाढतच जातो. 'अॅब्सोल्यूट' घेतलं तर अलार्म एकदा वाजेल, मग गप्प. खालची मर्यादा कशाला? आकडा तिथपर्यंत उतरल्याशिवाय दुसरा अलार्म येत नाही, नाहीतर मिनिटामिनिटाला निरोप येत बसतील.

दुसऱ्याच दिवशी उलगडा झाला. एरर यायचे ते ठरावीक अर्ध्या तासांत, गठाण बांधायच्या प्रेसची मोटर चालू असतानाच! काट्याची साधी लॅन केबल मोटरच्या वायरीला चिकटून गेली होती. मी पोचायचो तेव्हा प्रेस बंद असायची, म्हणून सगळं ठीक दिसायचं. केबल दुसऱ्या भिंतीवरून फिरवली, एरर शून्य.

आरमॉन बिघाड दुरुस्त करत नाही, राजेहो. पण तो कधी आणि कोणत्या पोर्टवर होतो, ते सांगतं. आता तिकडून फोन यायच्या आधी माझाच फोन जातो.