खाद्यातले औषध

कोंबड्यांच्या शेडमध्ये काम करणाऱ्या मजुराचा दिवस पहाटेच सुरू होतो. मेलेले पक्षी वेचायचे, पाण्याची भांडी घासायची, खाद्य घालायचे आणि विष्ठा मिसळलेले भाताचे तूस खोऱ्याने ओढून पोत्यांत भरायचे. तूस हलले की धूळ उडते व नाकातोंडात जाते. कोंबडीच्या पोटातले जिवाणू माणसापर्यंत पोहोचण्याचा हा एक मार्ग आहे.

१९५०च्या सुमारास असे आढळून आले की, खाद्यात प्रतिजैविकाचा अल्पसा अंश मिसळल्यास कोंबड्यांचे वजन लवकर वाढते. तेव्हापासून निरोगी पक्ष्यांनाही रोज औषध देण्याची रीत पडली. व्यवसायाच्या हिशेबात ते फायद्याचेच होते. सूक्ष्मजीवांचा हिशेब मात्र निराळा असतो. औषधाने बहुतेक जिवाणू मरतात, परंतु त्याला तोंड देऊ शकणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत झपाट्याने वाढतात. शिवाय ही प्रतिकारशक्ती देणारी जनुके ते शेजारच्या, अगदी निराळ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात.

अमेरिकेतील संशोधक स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शेतावर याची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाले. कोंबड्यांना टेट्रासायक्लिन गटातील औषध मिसळलेले खाद्य देताच आठवडाभरात त्यांच्या आतड्यांतील जवळजवळ सर्व जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. औषध दिले होते ते कोंबड्यांना. पण पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जिवाणू प्रतिकारक्षम आढळले. शेजाऱ्यांच्या बाबतीत असे नमुने अवघे ६.८ टक्के होते. पुढे ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांच्या आत, तपासलेल्या दहापैकी आठ जणांत असे जिवाणू सापडले नाहीत. ही बाब दिलासा देणारी खरी. पण ती खाद्य बंद केल्यानंतरची आहे.

असे जिवाणू पोटात असले तरी माणूस आजारी दिसत नाही, म्हणूनच धोका लक्षात येत नाही. पुढे हाताची जखम चिघळली किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, की नेहमीचे औषध लागू पडत नाही. मग महागडी औषधे, बुडालेली मजुरी आणि वाढलेले दुखणे त्याच्याच वाट्याला येते. कपड्यांना चिकटून ते जिवाणू घरातल्या मुलांपर्यंतही जाऊ शकतात.

इतर औषधे निष्फळ ठरल्यावर डॉक्टर ज्या कोलिस्टिनचा आधार घेतात, तेही पक्ष्यांच्या खाद्यात मिसळले जात असे. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्योपयोगी पशुपक्ष्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ मध्ये निरोगी जनावरांना वाढीसाठी प्रतिजैविके देणे थांबवावे, अशी शिफारस केली होती.

वेळेवर लसीकरण, कोरडे तूस आणि पक्ष्यांना पुरेशी जागा यांमुळे औषधाची गरजच घटते. मजुराला मुखपट्टी, हातमोजे, गमबूट आणि घरी जाण्यापूर्वी हातपाय धुऊन कपडे बदलण्याची सोय हवी. कुक्कुटपालनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो; त्यापुढे हा खर्च किरकोळच आहे.