वेबसाइट करून देणारा पारखून घ्या



आपल्या कार्यक्षेत्रात ऊस रोपवाटिका चालविणारे सभासद बरेच झाले आहेत. बाहेरगावचे गिऱ्हाईक मिळावे म्हणून काहीजण वेबसाइट करून घेतात. त्याला आमची ना नाही. पण गेल्या वर्षी एका सभासदाचे जे झाले, ते सर्वांना कळावे म्हणून हा लेख.

ऊसबिल जमा झाल्यावर शहरातला एकजण त्यांच्याकडे आला. ४० हजारांत वेबसाइट आणि 'गूगलवर पहिल्या नंबरला आणतो' ही बोली. वर्षभर बरे चालले. दुसऱ्या वर्षी दुप्पट पैसे मागितले, यांनी नाही म्हटले, तर वेबसाइट बंद. चौकशी केली तेव्हा कळले की वेबसाइटचे नावच त्या माणसाच्या नावावर आहे! इकडे फलकावर, पावतीपुस्तकावर तेच नाव छापलेले.

वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, हा तिचा सातबारा समजा. '.इन'ने संपणाऱ्या नावांची नोंद नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था ठेवते आणि तिच्या मान्यताप्राप्त नोंदणीदाराकडून ते नाव १ ते १० वर्षांसाठी घेता येते. काम दुसऱ्याने केले तरी नोंद आपल्या नावावर, आपल्या मोबाइल व ई-मेलवर हवी आणि पासवर्ड आपल्या हाती हवा. मुदतीत नूतनीकरण झाले नाही तर पुढे ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. वेबसाइट ज्या जागेवर ठेवतात त्या होस्टिंगचे, तसेच फोटो-मजकुराचेही तसेच. काम सोडताना सगळे आपल्याला मिळेल असे लिहून घ्यावे.

आता पहिल्या नंबराची गोष्ट. असा नंबर कोणीही हमखास देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनेच सांगून ठेवले आहे. नेहमीच्या यादीतली जागा पैसे देऊन मिळत नाही. पैसे देऊन येते ती जाहिरात. तिच्यावर तशी खूण असते आणि पैसे थांबले की तीही थांबते. म्हणून सरळ विचारावे : यातले गूगलला किती आणि तुमची मजुरी किती? जाहिरातीचे खातेही आपल्याच नावे उघडावे. गूगलच्या नकाशावर रोपवाटिकेची नोंद तर फुकट होते. तिचे मालक आपण राहावे, त्याला फक्त व्यवस्थापक करावे.

बेणे घेताना आपण बेणेमळा पाहतो ना? तसे त्याच्या दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावा. काम झाल्यावर हा फोन उचलतो का, एवढेच विचारा. पैसे टप्प्याने द्या. सगळी उचल एकदम दिली की काय होते, हे तोडणीच्या हंगामात आपण पाहतोच.

ज्यांची वेबसाइट आधीच आहे, त्यांनी नोंद कोणाच्या नावे व मुदत कधीपर्यंत, हे या आठवड्यातच विचारून घ्यावे. वरील सभासदांनी नवे नाव स्वतःच्या नावे घेतले आहे. जुनी पावतीपुस्तके मात्र शिक्का मारून संपवीत आहेत.

— ऊस विकास अधिकारी