वीस बाजूंचा फासा आणि पातळीतील फरक

नवशिका आणि मुरलेला खेळाडू समोरासमोर बसले, तर निकाल बहुधा ठरलेलाच असतो. पण दोघांना एकाच बाजूने लढायचे असेल तर? 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा असाच खेळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक जण योद्धा, जादूगार अशा एखाद्या पात्राची भूमिका घेतो. अनुभवाबरोबर पात्राची 'पातळी' १ पासून २० पर्यंत चढते.

शत्रूवर केलेला वार लागला की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवितो. पडलेल्या आकड्यात पात्राचे गुण मिळवायचे. बेरीज शत्रूच्या बचावाच्या आकड्याइतकी किंवा अधिक झाली, की वार लागला. प्रत्येक बाजू पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे शंभरात ५. म्हणून एक गुण वाढला, की यशाची शक्यताही साधारणपणे तेवढीच वाढते.

आता बचाव १५ धरू. शक्ती, शस्त्रे यांचे गुण तूर्त सोडून देऊ. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्या पातळीच्या योद्ध्याला १ गुण मिळे, विसाव्या पातळीच्या योद्ध्याला २०. पहिल्याला फाशावर १४ ते २० हवेत. हे सात आकडे, म्हणजे शंभरात ३५. दुसऱ्याचा वार केवळ १ पडला तरच चुके. म्हणजे यश शंभरात ९५. बचाव २५ केला, तर तज्ज्ञाला ५ पुरत. नवशिक्याला मात्र २४ हवेत, आणि ते फाशावर नाहीतच! '२० पडल्यास वार लागतोच' या नियमाचाच काय तो त्याला आधार.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे गुण अनुक्रमे २ आणि ६ झाले. बचाव १५ असता शक्यता शंभरात ४० आणि ६०. नवशिकाही उपयोगी पडू लागला!

मग विसाव्या पातळीचे महत्त्व उरले कशात? हा योद्धा एका पाळीत चार वार करतो, नवशिका एकच. सरासरीने एकाचे ४ × ०.६ = २.४ वार लागतात, दुसऱ्याचे ०.४. म्हणजे फरक सहा पट!

तात्पर्य, १९ गुणांचा फरक वीस बाजूंच्या फाशाला जवळजवळ गिळून टाकतो. ४ गुणांचा नाही. फरक मोठा की लहान, हे फाशाच्या व्याप्तीशी ताडूनच कळते.

असा फासा नसेल, तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका; काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाका. बचाव २० धरून पाचव्या आवृत्तीतील दोन्ही शक्यता आधी कागदावर काढा आणि मग शंभर वेळा चिठ्ठ्या काढून ताडून पाहा.