तिसरी शिट्टी

पहाटे साडेपाच. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीतलं स्वयंपाकघर. फिल्म तीन मिनिटांची. ऐकू न येणारी आजी कुकरच्या शिट्ट्या वाफेवरून मोजते, एवढीच गोष्ट. आम्ही चौघं: मी, कॅमेरा सांभाळणारा मित्र, साउंडवाली आणि आजी झालेल्या काकू. काकू राज्य नाट्य स्पर्धेत मुरलेल्या, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. त्यांना एकही संवाद नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

सहा. फोन स्टँडवर, एअरप्लेन मोडमध्ये. फोकस आणि एक्स्पोजर लॉक. फ्रेम रेट २५, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या हिशोबात ट्यूबलाइट लुकलुकत नाही. खिडकीसमोर थर्माकोल, म्हणजे चेहऱ्याची काळी बाजू उजळते.

साडेसहा. पंखा बंद, फ्रिज बंद. साउंडवाली स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते. धंद्यातली जुनी युक्ती: किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि ती घेताना फ्रिज सुरू करायचं आठवतंच. मग सगळ्यांना गप्प बसवून ती मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करते. हा रूम टोन. काकू कुजबुजतात, “यात रेकॉर्ड काय होतंय?” पुन्हा पहिल्यापासून.

सात ते साडेनऊ. पूर्वेचं ऊन ओट्यावर असतं तेवढाच हा वेळ, आणि नेमका तेव्हाच गल्लीला कंठ फुटतो. घंटागाडी, शेजारचा मिक्सर, भंगारवाला. कॅमेरा तयार, काकू तयार, आणि आम्ही हात बांधून रस्त्याकडे कान लावलेले. छोट्या फिल्ममध्ये पैसे कॅमेऱ्यावर आणि वेळ आवाजावर जातो. नवखे लोक दोन्ही कॅमेऱ्यावर घालवतात, असं माझं मत. कुकरही ऐकत नाही. शिट्टी ‘ॲक्शन’ म्हटल्यावर होत नसते. म्हणून खऱ्या शिट्टीचा क्लोज-अप लांबून, एकदाच. काकूंच्या तळहाताचे शॉट थंड कुकरवर. वाफ मागच्या पातेल्यातली. प्रत्येक टेकआधी पदर आणि बांगड्या मोबाइलवरच्या फोटोशी ताडून बघायच्या.

साडेबारा. शूटिंगचंच वरण, भात, लिंबू. जेवताना फाळक्यांचा विषय निघतो. १९१२ साली त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपून मिनिटभराची फिल्म केली आणि ती दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे केले. “तुम्ही ही दाखवून काय उभं करणार?” काकू विचारतात. भात वाढून घेतो.

दोन. दारं लावून शिट्ट्या, पळीचा टणत्कार, पाटाचा घासटा, सगळं वेगवेगळं रेकॉर्ड. फुटेजच्या दोन कॉपी दोन ड्राइव्हवर. त्याआधी फोनमधलं काही पुसायचं नाही. किल्ली निघते, फ्रिज सुरू होतो.

सात ते मध्यरात्र. एडिट. पहिल्या दोन शिट्ट्या प्रेक्षकाला ऐकू येतात. तिसरी? मित्र म्हणतो, ठेव, नाहीतर लोकांना कळणार नाही. मी काढतो, तिथे प्रेक्षक आजीच्या कानाने बसला पाहिजे. पण आवाजाची पट्टी नुसती रिकामी सोडली तर स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. म्हणून खाली सकाळचा रूम टोन पसरतो, काकूंच्या कुजबुजीपर्यंतचा वगळून. फाइल रेंडरला लावली. इंग्रजी सबटायटल्स लागणार नाहीत, तेवढं काम वाचलं.