आम्ही जुन्या शहरचे

विवाहाची बोलणी चालली असता अथवा प्रवासात सहज ओळख झाली असता कोणी ‘आपण कुठले?’ असा प्रश्न केला, म्हणजे अकोल्याकडील तरुण मंडळी हल्ली ‘विदर्भातले’ एवढेच सांगून मोकळी होतात. फारच खोदून विचारले तर ‘अकोल्याचे’ असे म्हणतात. परंतु मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावरील ‘जुने शहर’ हे नाव काही केल्या ओठांवर येऊ देत नाहीत. जेथे आजा-पणजांची हयात गेली, त्या ठिकाणाचे नाव सांगताना संकोच का वाटावा, ह्याचा थोडा विचार कुटुंबातील वडील माणसांनी व मुलांनीही एकत्र बसून करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुन्या शहरावर मुख्यतः तीन आरोप केले जातात: येथले ऊन, येथली पाण्याची टंचाई आणि येथले दंगे. ह्यांतील एकही आरोप सर्वस्वी खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. १९४७ च्या मे महिन्यात येथे ४७.८ अंश तापमानाची नोंद झाली, हे खरे. शहराला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणाचे. पाऊस ओढ देतो त्या वर्षी नळ कित्येक दिवसांआड येतो, हेही खरे. आणि १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील एका मजकुराचे निमित्त होऊन ह्याच भागात दगडफेक व जाळपोळ झाली, एक जीव गेला, संचारबंदी लागली, हे तर साऱ्या देशाने वाचले. तेव्हापासून जुने शहर म्हटले की परक्या माणसाला ती रात्रच आठवते.

संस्कृतात स्थालीपुलाकन्याय म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. भाताचे एक शीत दाबून पाहिले की साऱ्या भांड्याची परीक्षा होते, असा त्याचा आशय. परंतु हा न्याय लागू पडण्यास सर्व शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असावी लागतात. गाव म्हणजे भाताचे भांडे नव्हे. तेथे नाना जातींची, नाना धर्मांची, नाना काळांची माणसे व वास्तू शेजारी शेजारी नांदत असतात. एका रात्रीचे शीत दाबून शेकडो वर्षांच्या वस्तीची परीक्षा करणे हा त्या न्यायाचा दुरुपयोग होय.

मग भांड्यात आणखी काय आहे? प्रथम असदगड पाहावा. औरंगजेबाचा वजीर असदखान ह्याच्याकडे अकोल्याची जहागीर होती. त्याचेच नाव किल्ल्याला मिळाले. दहीहंडा वेशीवरील लेखात त्याचा उल्लेख आहे. तर आगर वेशीवरील मराठी लेख १८४३ साली गोविंद आप्पाजींनी किल्ला बांधल्याचे सांगतो. दोन्ही लेखांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट अभ्यासकांनी पूर्वीच नमूद केली आहे. आम्हांला मात्र त्यात गावाचा स्वभाव दिसतो. एकाच तटाला आपला म्हणणारे दोघे, आणि गावाने दोघांचेही शिलालेख सांभाळले! पुढे १८७० च्या सुमारास इंग्रजांनी तट पाडला. १९१० च्या जिल्हा गॅझेटियरात किल्ल्यातील हवाखान्यात शाळा भरत असल्याची नोंद आहे. तोफांच्या जागी मुलांचे पाढे ऐकू यावेत, ह्याहून गडाचे अधिक चांगले उत्तरायुष्य कोणते?

दुसरे स्थान श्रीराजराजेश्वराचे. अकोलसिंह राजाची राणी रोज मध्यरात्री मंदिरात जात असे. राजाला संशय आला, व तलवार घेऊन तो तिच्या मागे गेला. व्यथित झालेल्या राणीने देवाला हाक घातली. पिंडी दुभंगली आणि राणी तीत गुप्त झाली, अशी आख्यायिका आहे. आमच्या ग्रामदैवताची कथाच मुळी अकारण संशयाची आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चौकशीपूर्वी तलवार उपसणाऱ्याच्या वाट्याला काय येते, ते ह्या गावच्या मुलांना आजीच्या मांडीवरच कळावयास हवे.

पाण्याची टंचाईही येथे नुसती रडगाणे होऊन राहिली नाही. १९४४ साली पावसाने डोळे वटारले, तेव्हा भाविकांनी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजेश्वराला अभिषेक केला. तीच प्रथा पुढे वाढली, आणि आज श्रावणातील शेवटच्या सोमवारी सुमारे १८ किलोमीटरांची वाट हजारो माणसे अनवाणी चालून येतात. उन्हाचे म्हणाल, तर वाळ्याचे पडदे, कैरीचे पन्हे, जाड भिंतींची धाब्याची घरे आणि रात्री गच्चीवर रंगणाऱ्या गप्पा ही त्याच उन्हाची देणगी.

परंतु केवळ थोरवी गाऊन थांबणे हा अभिमान नव्हे. तो पोकळ डौल होय. गावाचा अभिमान ज्याला आहे, त्यालाच गावाच्या दोषाची लाज वाटते. आणि ज्याला लाज वाटते तोच झाडू हाती घेतो. २०१८ च्या जानेवारीत जलपर्णीने गुदमरलेली मोर्णा स्वच्छ करण्यास सहा हजारांवर नागरिक दोन्ही तीरांवर उतरले, त्या दिवशी जुने शहर व नवे शहर हा भेद उरला नव्हता. नदी एका दिवसाच्या श्रमाने कायमची निर्मळ होत नाही, आणि मनेही होत नाहीत. मोबाईलवर आलेला विषारी मजकूर पुढे न पाठविणे, शेजाऱ्याच्या सणाला त्याच्या दारी जाणे, दंग्याच्या रात्री घरातील तरुणाला उंबऱ्याच्या आत ठेवणे, ही कामे सरकारची नव्हेत. घरातील कर्त्या माणसांची आहेत.

म्हणून आमची सूचना एवढीच: सुटीत पुण्यामुंबईहून मुले, नातवंडे घरी आली म्हणजे त्यांना एकदा वेशीपाशी न्यावे, राजेश्वराचे दर्शन घडवावे आणि मोर्णेची आजची दशाही दाखवावी. भूषण दाखवून दूषण लपवू नये. जी मुले दोन्ही पाहतील, ती ‘आपण कुठले?’ ह्या प्रश्नाला मान वर करून ‘जुन्या शहरचे’ असे उत्तर देतील, आणि त्या उत्तराला शोभेल असे वागतीलही.