गुण नेमके कशाचे?

गोराईच्या एका पालकांचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी फोनवर कचरा वेगळा करण्याचा गेम खेळते. केळीची साल हिरव्या डब्यात, बाटली निळ्या डब्यात. बरोबर पडलं की स्टार मिळतो. अशा गेममधून मुलं खरोखर काही शिकतात का?

प्रश्न वेळेवर आला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी घातली आणि शैक्षणिक, सामाजिक गेमना प्रोत्साहन देण्याची तरतूद केली. तेव्हा ‘संस्कार करणारा गेम’ अशा पाट्या आता बऱ्याच दिसतील.

ही हौस जुनी आहे. सापशिडीचा पूर्वज मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी क्रोध नाहीतर लोभ. गंमत अशी, की दयेच्या घरात आपण दया करून पोचत नाही, कवड्यांचं दान तसं पडलं म्हणून पोचतो. घरावर लिहिलंय दया आणि नियम शिकवतोय नशीब! (प्रारब्ध मानणारे म्हणतील, तेच तर शिकवायचं होतं. मग माझं बोलणं खुंटलं.)

याहून बोलकी गोष्ट एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंची. मे महिन्याच्या सुट्टीत आपण ज्या व्यापाराच्या डावावर भांडत मोठे झालो, त्याचं मूळ त्यांच्या पटात आहे. मॅगी स्टेनोग्राफर होत्या आणि हेन्री जॉर्ज या अर्थतज्ज्ञाच्या कट्टर अनुयायी. जमिनीची किंमत सगळ्या समाजामुळे वाढते, मग भाडं एकट्या मालकाच्या खिशात का, हा जॉर्ज यांचा सवाल. तो लोकांना समजावा म्हणून मॅगींनी ‘लँडलॉर्ड्स गेम’ तयार केला आणि 1904 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे त्याच पटासाठी त्यांनी दोन नियमावल्या दिल्या. एकीत इतरांना कंगाल करणारा जिंकतो. दुसरीत जागेचं भाडं सार्वजनिक तिजोरीत जातं, आणि सर्वांत कमी पैशांवर सुरुवात करणाऱ्याची रक्कम दुप्पट झाली की सगळेच जिंकतात. पट तोच, फासे तेच. फक्त भाडं कुठे जातं एवढाच फरक. लोकांनी दोन्ही खेळून पाहावं आणि काय ते ठरवावं. मला तर हा प्रयोगशाळेत शोभेलसा प्रयोग वाटतो.

लोकांनी ठरवलं, पण भलतंच. घरोघरी नक्कल होत तो पट चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थांपर्यंत पोचला आणि 1935 मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने तो ‘मोनोपॉली’ म्हणून बाजारात आणला. श्रेय डॅरो यांना मिळालं. मॅगींच्या पेटंटपोटी कंपनीने 500 डॉलर मोजले. 1948 मध्ये त्या गेल्या तेव्हा जगभरची मुलं त्यांच्या खेळातून नेमका उलटा धडा घेत होती. राल्फ अ‍ॅन्स्पाख या प्राध्यापकांना त्यांच्या ‘अँटी-मोनोपॉली’ खेळावरून कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे मॅगींचं नाव 1970च्या दशकात पुन्हा वर आलं.

म्हणजे पाटी वाचू नका, नियम वाचा. गुण कशाला मिळतात, तेच मूल शिकतं.

आता त्या स्टारचं. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र देऊ. मुलांनी काढलं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळालंही. पुढे बक्षीस नसताना ही मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. गेम बनवणाऱ्यांनी हा प्रयोग भिंतीवर टांगून ठेवावा.

उलट बाजूही आहे. जर्मनीत ग्राइटेमायर आणि ओस्वाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना ‘लेमिंग्ज’ हा छोट्या प्राण्यांना वाचवण्याचा गेम दिला आणि काहींना ‘टेट्रिस’. मग त्यांच्यासमोर पेन्सिली मुद्दाम सांडल्या. लेमिंग्ज खेळलेल्यांपैकी जास्त जण उचलायला वाकले. 2010 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण एकेका गटात विद्यार्थी जेमतेम दीड डझन, आणि पेन्सिली सांडल्या गेम संपल्या-संपल्या. महिन्याभराने कोण वाकलं असतं, हे त्यातून कळत नाही. ‘गेममुळे मुलं परोपकारी’ असा मथळा दिसला की ही पेन्सिलींची गोष्ट आठवा.

आणि कचऱ्याचा गेम? डब्यात पडलेली बाटली पडद्यावरून नाहीशी होते, आणि तोच त्याचा खरा धडा: टाकलं की संपलं. गोराईकरांना याहून चांगलं कोण सांगणार! गोराईच्या खाडीकाठच्या डंपिंग ग्राउंडवर 1972 पासून मुंबईचा कचरा येत होता. 2007 मध्ये ते बंद झालं, तोवर सुमारे 20 हेक्टरांवर 20 लाख टनांहून जास्त कचऱ्याचा डोंगर उभा होता. बंद करणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. उतार नीट करावे लागले, वरून आच्छादन घालावं लागलं, आत कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा मिथेन नळ्यांनी ओढून घ्यावा लागला. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता धरून ठेवणारा वायू. तुमच्या मुलीच्या गेममध्ये मिथेन नाही, खाडीत झिरपणारं काळं पाणी नाही, वास तर नाहीच.

तेव्हा गेम बंद करू नका, पण त्यात काय दाखवलेलं नाही ते मुलीलाच शोधायला लावा. आणि रविवारी व्यापाराचा पट काढा. पहिला डाव नेहमीसारखा खेळा. दुसऱ्या डावात प्रत्येक भाडं मालकाला न देता मधल्या सामाईक डब्यात टाका आणि त्या पैशांचं काय करायचं ते मुलांना ठरवू द्या. काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.